आत पात्र, बाहेर अपात्र

मराठी माणसाला अफझलपूर तालुका माहीत असतो तो गाणगापूरमुळे. कलबुर्गी जिल्ह्यातला हा भीमाकाठचा कोपरा. पलीकडे लगेच अक्कलकोट, सोलापूर. याच तालुक्यातल्या सुभाष पाटील यांनी १९९७मध्ये कलबुर्गीच्या एम. आर. मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश घेतला. २००२मध्ये खुनाच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि २००६मध्ये जन्मठेप. शिक्षा भोगत असताना ते तुरुंगातल्या ओपीडीत काम करत राहिले. क्षयाच्या कैद्यांसाठी त्यांनी केलेल्या कामाची आरोग्य खात्यानेही दखल घेतल्याचे बातम्यांत आले होते. २०१६मध्ये चांगल्या वर्तणुकीमुळे सुटका झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अर्ज केला. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करू द्या, एवढीच मागणी. विद्यापीठाने कायदेशीर सल्ला घेतला आणि परवानगी दिली. २०१९मध्ये ते एमबीबीएस झाले, फेब्रुवारी २०२०मध्ये इंटर्नशिप संपली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत ही बातमी झळकली.

बातमीचा सूर ठरलेला होता: वाल्याचा वाल्मीकी झाला. वाचणाऱ्याला दोन मिनिटे बरे वाटले आणि पान उलटले गेले. पण या गोष्टीतला चमत्कार बाजूला ठेवून तिच्यातली कागदपत्रे पाहिली, तर वेगळेच काही दिसते. हा माणूस गजाआड होता तेव्हा सरकारने त्याच्याकडून ओपीडीत काम करून घेतले, क्षयाच्या रुग्णांजवळ त्याला जाऊ दिले. तेव्हा कुणाला कायदेशीर सल्ला घ्यावासा वाटला नाही. शिक्षा भोगून तो फाटकाबाहेर आला, त्या दिवसापासून मात्र त्याच कामाबद्दल शंका उभी राहिली. आत तो पात्र होता, बाहेर आल्यावर अपात्रतेचा संशयित झाला. पाटील यांनी अर्ज करण्याची चिकाटी दाखवली आणि विद्यापीठानेही शहाणपणा दाखवला, म्हणून वाट निघाली. पण एका माणसाच्या चिकाटीवर आणि एका कार्यालयाच्या शहाणपणावर निघालेल्या वाटेला धोरण म्हणत नाहीत. माझे म्हणणे असे की तुरुंगातून परतलेल्या माणसांपैकी ज्यांची तयारी आहे, ज्यांची पारख झाली आहे, त्यांना हिंसा रोखण्याच्या आणि वस्तीच्या आरोग्याच्या कामात पगारी, प्रशिक्षित, जबाबदार पदावर घेतले पाहिजे. त्यांच्यावर उपकार म्हणून हे करायचे नाही. हे काम दुसऱ्या कुणाला तितके जमत नाही, म्हणून करायचे. आणि त्याची सुरुवात बंगळुरूत होऊ शकते.

बंगळुरूच का, ते आधी पाहू. शहराचा जुना मध्यवर्ती तुरुंग शेषाद्री रस्त्यावर होता. आता तिथे फ्रीडम पार्क आहे. कैदी गेले ते शहराबाहेरच्या परप्पन अग्रहारला, आणि होसूर रस्त्याच्या अंगाने वाढत वाढत शहरच आता त्या तुरुंगापाशी येऊन टेकले आहे. त्याच तुरुंगात बंगळुरूच्याच निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी केलेली पाहणी २०११मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी ५,०२४ कैदी तपासले. त्यांपैकी ७९.६ टक्के लोकांना मानसिक आजार किंवा व्यसनाचा विकार असल्याचे निदान झाले. व्यसने वगळली तरी २७.६ टक्क्यांना उपचारांची गरज असलेला मानसिक आजार होता. एका तुरुंगाची इतकी तपशीलवार पाहणी आपल्या देशात क्वचितच झाली आहे. दहांपैकी आठ माणसे आजारी असतील, तर त्या जागेला तुरुंगाइतकेच इस्पितळही म्हणायला हवे, आणि इस्पितळ म्हणायचे तर डॉक्टर कुठे आहेत? २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर हवा. २०२५च्या इंडिया जस्टिस रिपोर्टनुसार देशात प्रत्यक्षात ७७५ कैद्यांमागे एक आहे. क्षयाचे चित्र याहून उघडे आहे: 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०२३ साली आलेल्या अभ्यासात भारतीय तुरुंगांत लाखामागे १,०७६ क्षयरुग्ण आढळले, म्हणजे देशाच्या सरासरीच्या पाचपट.

हे आजार भिंतीआड राहतात असे समजणाऱ्याने कैद्यांची मोजणी वाचावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. क्षमतेच्या १३१ टक्के. त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. जामीन मिळाला की ते बाहेर येतात, जामीनदार मिळाला नाही की आतच राहतात. वर्षभरात पंधरा लाखांहून अधिक माणसे या फाटकांतून आत जातात आणि बहुतेक सगळी आज ना उद्या बाहेर येतात. खोकला घेऊन येतात, झोप उडालेली घेऊन येतात, सुटलेले किंवा अधिक घट्ट झालेले व्यसन घेऊन येतात. शिवाय आत जाणारे कोण, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. संडास साफ करण्याचे काम जात बघून देणाऱ्या तरतुदी कारागृह नियमावल्यांत स्वातंत्र्यानंतरही टिकून होत्या. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या घटनाबाह्य ठरवल्या. बाहेरची उतरंड आत जाते, आतले आजार बाहेर येतात, आणि दोन्हींचा भार त्याच चार-दोन वस्त्यांवर पडतो.

सुटकेनंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे असतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या १२.७ पट होता आणि कारणांत पहिला क्रमांक अमली पदार्थांच्या अतिसेवनाचा. तिथली नशा वेगळी, आपली वेगळी. तो आकडा जसाच्या तसा इथे लागू होणार नाही. पण पंधरवड्याचा मुद्दा इथेही पटण्यासारखा आहे. संध्याकाळी फाटक उघडते. माणसाच्या हातात पिशवी असते, पिशवीत आत जातानाचे कपडे, औषधाची अर्धी पट्टी, सुटकेचा कागद. क्षयाचे उपचार चालू असतील तर त्याचा क्षयरुग्णांच्या नोंदीच्या निक्षय पोर्टलवरचा क्रमांक कुठल्या आरोग्य केंद्राकडे जायला हवा, हे त्याला कोण सांगणार? झोपेची गोळी बंद झाली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करता येतो, हे त्याला कोण पटवणार? फाटकापाशी त्याची वाट बघणारे दोघेच असतात: थकलेले घरचे लोक, नाहीतर जुने साथीदार. बहुतेक वेळा साथीदार आधी पोहोचतात.

आता हिंसेकडे वळू. जागतिक आरोग्य सभेने १९९६मध्येच हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा ठराव केला. त्याचा व्यवहारातला अर्थ कोणत्याही सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत दिसतो. चाकू लागलेला तरुण येतो, डॉक्टर टाके घालतात, केसपेपरवर 'एमएलसी', म्हणजे पोलिसांकडे नोंदवायची केस, असा शिक्का पडतो, चौकीतला हवालदार जबाब लिहून घेतो. व्यवस्थेच्या दृष्टीने सगळे काही झाले. व्हरांड्यात मात्र त्याचा भाऊ आणि चार मित्र दबक्या आवाजात बोलत असतात, आणि उद्याची एमएलसी कुणाच्या नावावर पडणार हे त्या बोलण्यात ठरत असते. त्या क्षणी व्हरांड्यात जाऊन कोण बोलू शकेल? डॉक्टरला वेळ नाही. हवालदार दिसला की बोलणे थांबते. समाजसेविकेचे ते ऐकून घेतील, पण मानणार नाहीत. ज्याने असाच एक सूड उगवला, त्यापायी चौदा वर्षे आत काढली, आईच्या अंत्यविधीला पोलिस बंदोबस्तात आला, असा माणूस तिथे बसला तर त्याच्या शब्दाला वजन असते. ते वजन पदवीने येत नाही.

जगात हे करून पाहिले गेले आहे. शिकागोतले डॉ. गॅरी स्लटकिन हे साथरोगतज्ज्ञ. आफ्रिकेत क्षय आणि एड्सवर वर्षानुवर्षे काम करून परतल्यावर त्यांना शहरातल्या गोळीबारांचे नकाशे साथीच्या नकाशांसारखे दिसले. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. २०००मध्ये त्यांनी वेस्ट गारफिल्ड पार्क या वस्तीत काम सुरू केले, आणि साखळी तोडण्यासाठी माणसे नेमली ती टोळ्यांमधून आणि तुरुंगांमधून परतलेली. स्कॉटलंडमध्ये २००५ साली ग्लासगोच्या पोलिसांनीच हिंसाचार कमी करण्यासाठी स्वतंत्र विभाग काढला, इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जखमींशी बोलणारी माणसे बसवली, सुटलेल्या कैद्यांना रोजगार दिला. २००४-०५मध्ये स्कॉटलंडमध्ये १३७ खून झाले होते, २०१७-१८मध्ये ५९. सॅन फ्रान्सिस्कोत २००६पासून सुटलेल्या कैद्यांसाठी दवाखाने चालतात, त्यांतले आरोग्य कार्यकर्ते स्वतः तुरुंग भोगून आलेले आहेत. तिथल्या रुग्णांचे तातडीच्या विभागात धाव घेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचे २०१२च्या अभ्यासात दिसले.

परदेशी दाखल्यांनी आपला वाचक सहसा पाघळत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण इथे परदेशाची गरजही नाही. सांगलीत १९९२मध्ये 'संग्राम' ही संस्था सुरू झाली. एड्सची साथ तेव्हा नव्याने पसरत होती आणि वेश्यावस्तीत सरकारी माणूस गेला की दारे बंद होत. मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोध वाटण्याचे, समजावण्याचे, दवाखान्यात सोबत नेण्याचे काम त्याच वस्तीतल्या बायकांकडे सोपवले. १९९६मध्ये त्या बायकांची स्वतःची 'व्हॅम्प' ही संघटना उभी राहिली आणि तिचे काम सीमा ओलांडून कर्नाटकातल्या निपाणीपर्यंत गेले. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने हेच तत्त्व देशभर स्वीकारले: ज्यांच्यात आजार आहे, त्यांच्यातल्याच माणसांना मानधन देऊन कार्यकर्ते नेमा. समाजाने ज्यांना नावे ठेवली, त्याच बायका साथ रोखण्याच्या कामी आल्या. जामखेडला आरोळे दाम्पत्याने १९७०पासून गावातल्या अल्पशिक्षित, अनेकदा दलित बायकांच्या हाती आरोग्य दिले, तेव्हाही लोकांनी नाके मुरडली होती. विश्वास ही औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे आणि ती बाहेरून पुरवता येत नाही, हे महाराष्ट्राने सिद्ध केले आहे. ते हिंसेला आणि तुरुंगातून परतलेल्यांना लावून पाहणे एवढेच उरले आहे.

कायद्यानेही अर्धी वाट चालून ठेवली आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत तुरुंगातल्या शिकलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या, दीर्घ मुदतीच्या कैद्यांना 'पॅरालीगल व्हॉलंटियर' नेमता येते. ते इतरांचे अर्ज लिहितात, जामिनाची तारीख समजावतात, वकिलापर्यंत निरोप पोहोचवतात. आत असताना ज्याच्यावर शेकडो माणसांच्या स्वातंत्र्याची कागदपत्रे सोपवली, तो सुटला की काय होते? शहरात त्याला सहज मिळण्याजोगे काम म्हणजे सुरक्षारक्षकाचे. २००५च्या खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याने त्यासाठी चारित्र्य पडताळणी लागते. टॅक्सी चालवायची तरी पोलिसांचा दाखला. सरकारी नोकरीच्या अर्जात गुन्ह्याचा रकाना. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या संदीप कुमार या तरुणाच्या खटल्यात व्हिक्टर ह्यूगोच्या जाँ व्हालजाँची आठवण काढली होती: पाव चोरला म्हणून जन्मभर चोर ठरलेला माणूस. तरुणपणीच्या चुकीसाठी आयुष्यभराचा शिक्का नको, असा न्यायालयाचा कल होता. पण न्यायालयाचा कल आणि कारकुनाच्या टेबलावरचा रकाना यांची भेट क्वचित होते.

यामागे केवळ नियम नाहीत, आपली कल्पनाशक्तीही आहे. मराठी माणसाच्या मनात सुधारलेल्या कैद्याचे एक चित्र पक्के बसलेले आहे आणि त्याचा धागा गंमत म्हणजे बंगळुरूशी जोडलेला आहे. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे ज्यू अभियंते १९३०च्या दशकात बंगळुरूतला म्हैसूर सरकारचा विद्युत कारखाना चालवायला आले. औंधचे युवराज अप्पा पंत यांच्याशी मैत्री झाली आणि ते औंध संस्थानात गेले. तिथे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठबळाने १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत, शेती आणि कुटुंबे. त्याच माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनपर्यंत त्याचे कौतुक झाले. स्वतंत्रपूर आजही आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा असेच ते आहे. पण चित्रपटाचे नावच पाहा. दोन डोळे जेलरचे, बारा हात सहा कैद्यांचे. पाहायचे त्याने, राबायचे यांनी. वाटा त्याने दाखवायच्या, यांनी त्यावरून चालायचे. कैदी सुधारलेला आपल्याला आवडतो. तो पाहू लागला, बोलू लागला, चार जणांना दिशा दाखवू लागला, की आपण सावरून बसतो. साठ-सत्तर वर्षांत आपली सहानुभूती त्या चौकटीच्या पुढे सरकलेली नाही.

सरकली आहे ती एका खास वर्गापुरती. आणीबाणीच्या पहिल्याच दिवशी, २६ जून १९७५ रोजी, संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूत आलेले मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांना अटक होऊन त्याच शेषाद्री रस्त्यावरच्या तुरुंगात ठेवले गेले. तिथेच पुढे अभिनेत्री स्नेहलता रेड्डी होत्या. त्यांना दम्याचा जुना विकार होता; रात्रीच्या शांततेत त्यांचे ओरडणे ऐकू येई, अशी आठवण दंडवत्यांनी आत्मकथनात नोंदवली आहे. प्रकृती पार ढासळल्यावर जानेवारी १९७७मध्ये त्यांना सोडण्यात आले आणि काही दिवसांतच त्या गेल्या. तुरुंगातले आरोग्य कसे असते हे त्या पिढीच्या नेत्यांनी जवळून पाहिले आणि बाहेर येऊन त्यांतले हे चौघेही मंत्री झाले. दंडवत्यांचा तुरुंगवास त्यांच्या चारित्र्याचा दाखला ठरला. राजकीय कैदी आणि गुन्हेगार यांची तुलना मी करत नाही. दोहोंतले अंतर उघड आहे. पण एक गोष्ट दोघांनाही लागू पडते: आतले जग ज्याने पाहिले आहे, त्याच्याकडे असे ज्ञान असते जे बाहेरच्याकडे नसते. एकाचे ज्ञान देशाने कामी लावले. दुसऱ्याचे ज्ञान आपण रकान्यात भरून बाजूला ठेवतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप मृताच्या घरच्यांचा. ज्याच्या हातून माणूस गेला, त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप आणि छातीवर ओळखपत्र पाहून त्या घराला काय वाटेल? या प्रश्नाला हुशार उत्तर नाही आणि ते शोधूही नये. एवढेच म्हणता येते की शिक्षा किती, हे न्यायालयाने ठरवले आणि ती भोगून झाली. त्यावर समाजाने आपल्या मनाने आणखी शिक्षा चढवली तर त्यातून मृताच्या घरच्यांना काहीच मिळत नाही. त्यांना जे मिळायला हवे ते वेगळे आहे: भरपाई, समुपदेशन, खटल्यात माहिती मिळण्याचा हक्क. फौजदारी कायद्यात पीडितांच्या भरपाईची तरतूद २००९पासून लागू आहे, कर्नाटकाची योजना २०११ची आहे. पण जिल्ह्याच्या कार्यालयात ती मागायला येणाऱ्या बाईला किती हेलपाटे पडतात, याची चर्चा आपण कधी करत नाही. पीडितांची आठवण आपल्याला कैद्याला काही देण्याची वेळ येते तेव्हाच होते. दोन्ही बाजू एकाच खात्याच्या जबाबदारीत आणल्या, एकीचा निधी दुसरीसाठी कापला नाही, तर हा झगडा बराचसा मिटतो. मृताचे कुटुंब जिथे राहते त्या वस्तीत त्या माणसाची नेमणूक करू नये, हा नियम तर साध्या माणुसकीचा आहे.

दुसरा आक्षेप उदात्तीकरणाचा आहे, आणि बंगळुरूत तो हवेतला नाही. या शहरात गुन्हेगारीच्या आठवणी पुस्तकांतून पडद्यावर गेल्या. त्या जगातून आलेल्या अग्नी श्रीधर यांच्या आठवणींवरचा 'आ दिनगळु' हा चित्रपट २००७मध्ये आला आणि गाजला. दादाचा नेता होणे, संघटना काढणे, निवडणुकीत कुणासाठी तरी वजन वापरणे हे शहराने पाहिले आहे. दुसऱ्या टोकाला पोलिसांची 'रावडी शीट', म्हणजे गुंडांची यादी, आहे. एकदा नाव चढले की सणापूर्वी, निवडणुकीपूर्वी ठाण्याच्या आवारात रांगेत उभे राहायचे, केस कापून घ्यायचे, तंबी ऐकायची आणि हे सगळे कॅमेऱ्यासमोर. नीट पाहिले तर पडदा आणि परेड दोन्ही एकच काम करतात: वस्तीतल्या पोराला सांगतात की तुझी ओळख रावडी एवढीच. मी सुचवतो ती नेमणूक याच्या उलट दिशेची आहे. महिन्याचा पगार, हजेरीचे रजिस्टर, दर आठवड्याला वरिष्ठांपुढे आढावा, राजकीय सभेत दिसलात तर नोकरी गेली. इतक्या रुक्ष कामावर कुणी सिनेमा काढणार नाही, आणि तेच हवे आहे. मुंबईत घाटकोपरच्या लक्ष्मण गोळे यांनी तुरुंगात गांधीजींचे आत्मचरित्र वाचून न्यायालयात गुन्ह्यांची कबुली दिली आणि सुटल्यावर सर्वोदय मंडळाबरोबर तुरुंगातुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलण्याचे काम धरले. अशी कामे संस्थांच्या ओलाव्यावर चालतात, म्हणून ती मोजकीच राहतात. त्यांना दप्तर मिळाले तर ती वाढतील.

तिसरा आक्षेप असा की हे चालेल याची खात्री काय? नाही, खात्री नाही. शिकागोत काही वस्त्यांत गोळीबार घटला. पिट्सबर्गमध्ये तशाच कार्यक्रमाचा खुनांवर परिणाम दिसला नाही, उलट काही प्रकारचे हल्ले वाढल्याचे मूल्यमापनात आढळले. स्कॉटलंडमधल्या घसरणीची कारणेही एकापेक्षा जास्त आहेत. पण या फरकांतून शिकण्यासारखे बरेच आहे. माणसांची पारख ढिली असेल, पगार वेळेवर नसेल, देखरेख नसेल, तर कार्यक्रम ढासळतो. आणि सर्वांत घातक म्हणजे कार्यकर्त्याला पोलिसांचा खबरी बनवणे. एकदा वस्तीला तसा वास आला की त्याच्या शब्दाचे वजन शून्य, कदाचित जिवालाही धोका. म्हणून हे पद गृहखात्याकडे नको, आरोग्य खात्याकडे हवे. माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचा धोका राहतोच. तो धोका तो बेकार बसला असतानाही असतो, फक्त तेव्हा कुणाचे लक्ष नसते. लहान मुलांवरचे आणि लैंगिक गुन्हे करणाऱ्यांना अशा कामातून सरसकट वगळावे, यात दुमत असू नये.

चौथा आक्षेप लोक उघड बोलत नाहीत, पण मनात असतो: सरळमार्गी पोरे बेकार असताना यांना आधी नोकरी? राग समजण्यासारखा आहे. मात्र ही जागा त्या पोरांच्या वाट्याची नाहीच. नर्सच्या, लिपिकाच्या, शिपायाच्या जागेवर कुणी हक्क सांगत नाही. सुटकेच्या पंधरवड्यात माणसाला सांभाळणे आणि कॅज्युअल्टीच्या व्हरांड्यात सूड थोपवणे, या कामाची पात्रताच तो अनुभव आहे. वाळवंटात वाटाड्या नेमताना आपण त्याच्या पदवीपेक्षा तो त्या वाटेने गेला होता का, हे विचारतो.

बंगळुरूने काय करावे? सुरुवात लहान असावी. परप्पन अग्रहारच्या फाटकापाशी आरोग्य खात्याचे एक टेबल, त्यामागे तुरुंग भोगून आलेला आणि निम्हान्समध्ये काही महिने प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता. सुटणाऱ्याची औषधे, निक्षय क्रमांक, जवळचे आरोग्य केंद्र, पहिल्या चौदा दिवसांत तीन भेटी. व्हिक्टोरियासारख्या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळीला असे दोघे. पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणून किंवा तुरुंगाच्या ओपीडीत केलेल्या कामाचे प्रमाणपत्र सुटकेच्या कागदांबरोबर द्यावे आणि बाहेर ते अनुभव म्हणून धरावे. सरकारी आरोग्य भरतीत गुन्ह्याच्या रकान्यावरून अर्ज आपोआप बाद होऊ नये. गुन्हा कोणता, किती वर्षांपूर्वीचा, त्यानंतर काय केले, हे पाहून एका समितीने लेखी कारणांसह निर्णय द्यावा. आणि पहिल्या दिवसापासून निम्हान्ससारख्या संस्थेने आकडे ठेवावेत, म्हणजे तीन वर्षांनी कौतुक किंवा टीका अंदाजाने करावी लागणार नाही. केंद्राच्या २०२३च्या आदर्श कारागृह कायद्यात सुटकेनंतरच्या पुनर्वसनाची भाषा आहे. १८९४च्या कायद्यावर वाढलेल्या व्यवस्थेला ती नवी आहे. कर्नाटकाला तिच्यात हाडामांसाचे काहीतरी भरण्याची संधी आहे, आणि महाराष्ट्राने येरवडा आणि आर्थर रोडसाठी तिकडे बारकाईने पाहायला हरकत नाही.

सुभाष पाटील यांच्या अर्जावर विद्यापीठाला कायदेशीर सल्ला घ्यावा लागला, यात विद्यापीठाचा दोष नव्हता. त्याच्यापुढे नियम नव्हता, आधीचा दाखला नव्हता. होता तो एक माणूस आणि त्याची शिक्षा भोगून झाल्याचा कागद. आज दाखला आहे. नियम करायचा राहिला आहे. तो झाला तर पुढचा अर्ज कदाचित डॉक्टरचा नसेल, ओपीडीत कैद्यांच्या पट्ट्या बांधायला शिकलेल्या एखाद्या सातवी पास माणसाचा असेल, आणि त्याची बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात येणार नाही.